तिच्या घरी कोन कोन हाय?

बाबांना लकवा झाला तेव्हा ते गावी, दातिवऱ्याला होते आणि आम्ही सरावलीला. उजवी बाजू पूर्ण गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं. डोकं तर अगदी शाबूत. पालघरच्या हॉस्पिटलातून त्यांना सोडलं त्या दिवशी माझी थोरली बहीण तिथल्याच जिन्याखाली उभी राहून मला म्हणाली, "तुज्याकडं डॉक्टर जवळ, रिक्षा जवळ. गावात कोन बगनार? तूच ने." ती चुकीचं बोलत नव्हती. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. घरच्या चौघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. त्यानंतर सव्वा वर्ष ते खाली उतरले नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही फारसा उतरलो नाही.

आम्हा दोघांपैकी एकाने घरी राहणं भाग होतं. बायको औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, तिची नोकरी कायम. मी एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होतो, पण ठेक्यावर. मुलगी शिकायला नाशिकला. म्हणजे ठरवायचं असं काही नव्हतंच. मी कामावर जायचं थांबवलं. पहिले सहा महिने बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं, "आजकल किस कंपनी में?" की मी म्हणायचो, "छुट्टी पे हूँ." इतकी लांब सुट्टी कोणती कंपनी देते हे विचारणाऱ्यालाही माहीत असायचं. पुढे मी कचरा टाकायलासुद्धा लोक कामावर गेल्यावरच जायला लागलो.

दिवस दोन-दोन तासांचे झाले होते. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखम होते. तरी ती झालीच. सकाळी पेज, मग अंग पुसणं, जखम धुणं, दुपारी भात मऊ कालवून चमच्याने भरवणं. पाणी पिताना त्यांना ठसका लागायचा आणि डोळे पांढरे व्हायचे. एकदा तसंच झालं, मी घाबरलो, आणि दुपारी मोबाइलवर इंग्रजीत शोधलं की अशा माणसाला पाणी कसं पाजावं. त्या शोधात एक ग्रुप सापडला. लकवा झालेल्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांचा. जगभरातली माणसं होती त्यात. पाणी पूड मिसळून थोडं घट्ट करून पाजायचं, मान किंचित खाली ठेवायची, हे मला तिथे कळलं. त्यासाठी मी त्या ग्रुपचा आजही ऋणी आहे.

माझं इंग्रजी प्लांटमधलं. लॉगशीट भरून भरून आलेलं. तापमान स्थिर, दाब ठीक, काही वेगळं आढळलं नाही. तीन आठवडे नुसतं वाचून झाल्यावर मी माझी पहिली पोस्ट तशीच लिहिली. वडिलांचं वय, कुठली बाजू गेली, रक्तदाब, जखमेची रुंदी, घरात माणसं किती, कमावणारे किती, मजला कितवा. खाली कुणीतरी लिहिलं, सांगितल्याबद्दल आभार, पण तू स्वतः कसा आहेस? मला वाटलं ही विचारायची पद्धत असेल. मी लिहिलं, मी बरा आहे.

मग माझ्याकडून चूक झाली. एका बाईने लिहिलं होतं की ती आईला सांभाळून थकली आहे आणि रोज अंघोळीला गेल्यावर रडते. मला वाईट वाटलं. मी मनापासून विचारलं, तुमचं वय किती? लग्न झालंय का? भाऊ असेल तर तो मदत का करत नाही? संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्यांचा निरोप आला. भाषा गोड होती. इथे कुणी आपणहून सांगितल्याशिवाय खासगी प्रश्न विचारत नाहीत, असा नियम आहे म्हणे. मी तो निरोप चार वेळा वाचला. रडण्याचं ती सगळ्या जगाला सांगू शकते आणि भाऊ आहे का हे मात्र खासगी? आमच्याकडे किनाऱ्यावर मासळी घ्यायला आलेल्या परक्या बाईलाही पहिल्या दहा मिनिटांत मुलं किती आणि नवरा काय करतो हे विचारतात. नाही विचारलं तर ती बाई म्हणेल, काय ही माणसं. आणि तीच बाई रोज अंघोळीला गेल्यावर रडत असेल, तर ते तिच्या सख्ख्या बहिणीलाही कळणार नाही. मला दोन दिवस लाज वाटत राहिली. मग मी गप्प राहायला शिकलो.

त्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्यायची पद्धत होती. मला नॉर्वेतली एक बाई मिळाली. पन्नाशीच्या पुढची, केस आखूड, चष्मा. तिच्याही वडिलांना लकवा झाला होता. सुरुवातीला आम्ही लिहायचो, मग आठवड्यातून एकदा दुपारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. आमच्याकडे दोन वाजलेले असत, तिच्याकडे सकाळ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो, कारण तिथून बाबांचा पलंग दिसतो आणि रेंजही येते.

ती फार मोकळी होती. आठ दिवसांपूर्वी गाडीत बसून रडले, असं सांगायची. वडिलांवर माझा लहानपणापासून राग आहे आणि आता त्या रागाचं काय करू कळत नाही, असं सांगायची. तिच्या मनाचे सगळे कोपरे मला माहीत झाले. पण तिला मुलं आहेत का, ती काय काम करते, घरात अजून कोण आहे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आणि नियम मोडायची माझी हिंमत नव्हती.

बाबांना मात्र कुठलाच नियम माहीत नव्हता. बोटीवर आयुष्य काढलेला माणूस. तीस वर्षं तांडेल होते, बोट त्यांच्या शब्दावर चालायची. पहिल्या कॉलला त्यांनी डावा हात वर करून तिला दाखवला आणि मला विचारलं, "कोन हाय?"

"बाबा, नॉर्वेची बाई आहे. तिचे वडीलही तुमच्यासारखेच."

"तिच्या घरी कोन कोन हाय?"

मी तिला सांगितलं, ते तुम्हाला नमस्कार म्हणतायत.

"काय बोलली?" बाबांनी विचारलं.

"ती पण नमस्कार म्हणाली."

"मी काय नमस्कार बोललो नाय," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करायचा प्रयत्न केला, जे त्यांना एकट्याने जमत नव्हतं.

हळूहळू मीही बोलायला लागलो. ती विचारायची आणि मग थांबायची. घाई करायची नाही. आमच्या घरात असं कुणी थांबत नाही. थांबलं की कुकरची शिट्टी होते. इंग्रजीत बोलण्याचा एक फायदा असा की ते वाक्य माझं वाटायचं नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी मी वाचून दाखवतोय असं वाटायचं. शिवाय घरात कुणाला समजतही नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात, जिथे कडी लावायला फक्त संडासाचं दार आहे, तिथे मला इंग्रजीची एक खोली मिळाली होती. मी तिथे जाऊन बसायला लागलो.

एक दिवस फार वाईट गेला. बायकोला ओव्हरटाइम लागला होता. बाबांनी सकाळपासून दोनदा अंथरूण खराब केलं. तिसऱ्यांदा मी चादर ओढत असताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं, सोडेनात. मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात आली. बाबांनी हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. दुपारी मी नॉर्वेच्या बाईला हे लिहिलं. ती म्हणाली, हे ग्रुपमध्ये लिही, तुझ्यासारखे खूप जण आहेत, त्यांना धीर येईल. मी लिहिलं. शेवटी असं वाक्य होतं की काही दिवस मला वाटतं हे सगळं संपावं, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी ते मला ठाऊक नाही.

शंभरावर लोकांनी बदाम पाठवले. ब्राझीलच्या एका माणसाने लिहिलं की त्याने हे वाक्य कागदावर लिहून ठेवलंय. दोन दिवस मी हलका होतो. बाबांची दाढी करताना गुणगुणलोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी बहिणीच्या मोबाइलवर माझी पोस्ट गेली. तो ग्रुप कुणालाही दिसणारा होता, हे मला माहीत नव्हतं. ओळखीच्या माणसाने काय लिहिलं ते ॲप आपणहून दाखवतं, आणि खाली भाषांतराचं बटण असतं. बहिणीने ते दाबलं. मशीनने माझ्या वाक्याचं मराठी केलं होतं, "काही दिवस मला हे संपवायचे आहे."

संपावं आणि संपवायचं, यात किती अंतर आहे ते मी तिला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं नाही. तिने आधी माझ्या बायकोला कंपनीत फोन केला होता. बायको सुपरवायझरला सांगून शिफ्ट अर्धी टाकून घरी आली. डोक्याची टोपी काढायचीही विसरली होती. चपला न काढता ती आत आली, आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय लिहिलंत?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने मशीनचं मराठी वाचलं. मी मूळ वाक्याचा अर्थ सांगितला. ती खाली बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दमून येतेस."

"म्हणून तिकडे बर्फात बसलेल्या बाईला सांगितलंत? मी इथे शेजारी झोपते. मला बाहेरून कळतं की माझ्या नवऱ्याला जगणं नको झालंय."

"असं नाही लिहिलं मी."

"मग कसं लिहिलंय ते मराठीत बोला ना."

वाक्य डोक्यात होतं, पण मराठीत ते तोंडातून बाहेर येईना. बाबा पलंगावरून आमच्याकडे बघत होते.

रविवारी गावाहून माणसं आली. बहीण, तिचा नवरा आणि बाबांचे दोन चुलतभाऊ. हातात सुक्या बोंबलांची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पापलेटं. सगळे पलंगाभोवती बसले. रक्तदाब विचारला, जखम बघितली, डॉक्टर किती दिवसांनी येतो ते विचारलं. एक काका मला म्हणाले, "तुला काय कमी पडते काय? सांग. आमी हाव." मी म्हटलं, काही नाही. पोस्टचं नाव कुणीच काढलं नाही. दोन तास मी आरोपीसारखा चहा देत होतो. निघायच्या आधी मेव्हणा अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "ते काय हाय ते काडून टाक. आमच्यासमोर काड." मी मोबाइल काढला. सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत होते. मी पोस्ट पुसली. बदाम, ब्राझीलचा माणूस, सगळं गेलं.

बहीण स्वयंपाकघरात पापलेटं साफ करत होती. डोळे पुसायला तिचे हात रिकामे नव्हते, म्हणून खांद्याला पुसत होती.

"मला फोन करायचा होतास."

"केला असता तर तू म्हणाली असतीस की देव परीक्षा बघतोय."

"मंग? बोलली असते. तेच बोलली असते." तिने सुरी खाली ठेवली. "पन आले असते."

त्या संध्याकाळी नॉर्वेहून निरोप आला. पोस्ट कुठे गेली? तुला कुणी भाग पाडलं का? तुझ्या भावनांवर तुझा हक्क आहे. घरच्यांना मर्यादा घालायला शिक. मी तो वाचला आणि चिडलो. मर्यादा कुठे घालू? पलंगापासून गॅसपर्यंत सात पावलं आहेत. ज्यांना मर्यादा घालायची त्यांनीच बाबांना खुर्चीत बसवून इथवर वर आणलं होतं. आणि तरी तिच्यावाचून मला दुसरं कुणी नव्हतं, ज्याच्याकडे मी ही चीड बोलू शकेन. मी मोबाइल उलटा ठेवला.

सोमवारी अंग पुसताना बाबांनी विचारलं, "काय लिवलं होतंस तू?"

मी फडकं पिळत राहिलो.

"सगळे आले नि काय बोलले नाय. मंजी मोटंच कायतरी हाय."

मग मी सांगितलं. मराठीत. पाठीमागे उभा होतो म्हणून जमलं, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कधीकधी वाटतं हे संपावं, तुमच्यासाठी की माझ्यासाठी ते कळत नाही.

पाणी गार होत होतं.

"मला पन वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते." आणि मग, "खाली ओलं लागते, बग."

मी बघितलं. चादर भिजली होती. बदलली.

पुढच्या कॉलला मी तिच्याशी थोडा तुटकच बोलत होतो. बाबा जागे होते. ते म्हणाले, "तिचा बापूस कुटं हाय? इतके दिवस बोलते, दिसत नाय कदी. विचार."

इतके महिने मी त्यांचे प्रश्न गिळले होते. त्या दिवशी नाही गिळला. मनात जरा सूडही होता, हे कबूल करतो. मी विचारलं, माझे वडील विचारतायत, तुमचे वडील कुठे आहेत?

तिने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, ते वृद्धांच्या निवासात असतात, दोन वर्षं झाली. गाडीने चाळीस मिनिटांवर. ती शनिवारी जाते.

मी समजत होतो ते तिच्या शेजारच्या खोलीत आहेत. ती रडली म्हणायची तेव्हा मी तिच्या हातात फडकं बघायचो, पेजेची वाटी बघायचो. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं नाही, पण तिला दिसलं.

"काय बोलली?" बाबा विचारत होते. "काय बोलली?"

ती म्हणाली, आता तुला वाटतंय मी वाईट मुलगी आहे.

मी नाही नाही म्हणालो. फार घाईने म्हणालो. लॉगशीटच्या इंग्रजीत याहून जास्त काही नव्हतं. तिने नीट निरोप घेतला आणि कॉल बंद केला. त्यानंतर तीन महिने तिचा एकही शब्द आला नाही. मी दोनदा लिहिलं, कशा आहात. ते तिने वाचल्याचं दिसलं, एवढंच.

त्या तीन महिन्यांत मी बहिणीचा विचार बराच केला. जे वाक्य मी परक्या लोकांत बोललो त्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी त्या बाईकडे पाहिलं होतं. फरक एवढाच की बहीण पापलेटं घेऊन जिना चढून आली होती. मी कुठे जाणार होतो?

बहीण आता महिन्यातून दोन दिवस येऊन राहते. ती आली की मला घराबाहेर काढते. पहिल्यांदा काढलं तेव्हा मी खाली उतरलो आणि कुठे जायचं ते कळेना. बाजारात गेलो, पांढरा कांदा घेतला, एका टपरीवर चहा प्यायलो. चहावाल्याने विचारलं, "आज छुट्टी?" मी हो म्हणालो आणि ते खरं होतं. पाऊण तासात परत आलो. बहीण दारातच म्हणाली, "येवड्यात? जा परत." मी जिन्यात बसून राहिलो, तिला वाटावं बाहेर आहे म्हणून. बायकोशी आता थोडं बोलतो. जेवण झाल्यावर ती विचारते, "आज कसा गेला?" मी ठीक म्हणालो तर ती उठत नाही. सवय नाही, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. पण ती उठत नाही.

मग एका दुपारी नॉर्वेहून निरोप आला. तिचे वडील गेले होते. मी वाचत गेलो आणि मला नवल वाटलं. त्यात मन कुठेच नव्हतं. वय एक्याऐंशी, मंगळवारी सकाळी सव्वासहा, आदल्या रात्री अर्धी वाटी लापशी खाल्ली होती, शुक्रवारी विधी, भाऊ विमानाने येतोय, त्याला दोन मुलं आहेत, मला मूल नाही, मी शाळेत ग्रंथपाल आहे. जे मला वर्षभर माहीत नव्हतं ते सगळं तिने आठ ओळींत लिहिलं होतं. माझ्या पहिल्या पोस्टसारखं.

मी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.

"किती वय?"

"एक्याऐंशी."

"शेवटी जवळ कोन होतं? विचार तिला."

मी मोबाइल हातात घेतला. तो प्रश्न इंग्रजीत चारच शब्दांचा होता. ती वडिलांकडे शनिवारी जायची, आणि मंगळवार शनिवार नसतो, हे मला माहीत होतं. मी लिहिलं, माझ्या वडिलांना फार वाईट वाटलं.

तिचं उत्तर लगेच आलं. त्यांचे आभार मान. त्यांची जखम कशी आहे?

"काय बोलली?"

"ती होती म्हणते," मी म्हणालो. "हात धरून बसली होती."

"मंग बरं झालं," बाबा म्हणाले.

ती होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. मी तिला लिहिलं की जखम आता बऱ्यापैकी भरली आहे, रुंदी अर्ध्या सेंटीमीटरवर आली. मग बाबांना डाव्या कुशीवर वळवलं आणि पाठीला उशी लावली.